स्टेंट कार्डावर बसला, पुढच्या गोळ्यांचं काय?

बडोद्यात दांडिया बाजारात कुणाच्या छातीत कळ आली, तर सयाजी हॉस्पिटल हाकेवर आहे. छोटा उदेपूरकडच्या शेतमजुराला तेच अंतर शंभरेक किलोमीटर पडतं. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिण्यात आणि रोज बुडेल म्हणून कळ सोसण्यात गेलेले तास वेगळेच.

हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली की पलीकडचा स्नायू मरू लागतो; हाच हृदयविकाराचा झटका. ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त उपयोगी. बारा तासांनंतर ते सहसा देत नाहीत. म्हणून १०८ला फोन करायचा (ती गाडी मोफत आहे) आणि पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) निघायला हवा. दोन तासांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं आणि बहुधा आत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवणं) जमणार नसेल, तर जवळच्याच दवाखान्यात इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवायचं. अडतं ते इथेच. ईसीजीचं यंत्र असतं, पण त्याचा कागद वाचून निर्णय घेणारं कुणी नसलं की रुग्ण तसाच पुढे धाडला जातो.

उपचारांतल्या फरकाने किती जीव जातात, ते भारतातल्या हृदयरुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत दिसलं. ५० शहरांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ही माहिती २००८मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. ३० दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५. अँजिओप्लास्टी झालेले गरिबांत २ टक्के, श्रीमंतांत १५.३. आजाराची जोखीम जमेस धरूनही मृत्यूंमधली तफावत गेली नाही. मिळालेले उपचार जमेस धरले, तेव्हा मात्र ती उरली नाही.

त्यानंतर बरंच सुधारलं. फेब्रुवारी २०१७मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली, आणि आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबांची अँजिओप्लास्टी होते. पण कार्ड भरतीपुरतं. घरी गेल्यावर त्यातून औषधं मिळतात १५ दिवसांची. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांची जोडी तर साधारण वर्षभर लागते. स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्त गोठू पाहतं. पैसे संपले किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सुटल्या, तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. तो झटका अनेकदा जिवावर बेततो. एकाआड एक दिवस गोळी घेऊन पाकीट पुरवणाऱ्यांनाही हाच धोका. सुट्टी मिळतानाच चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून मागावं: जनऔषधी केंद्रात ७५ मिलिग्रॅमची तीच क्लोपिडोग्रेल बरीच स्वस्त पडते.