पाचची मोटर आणि कोयनेचे मेगावॅट

‘या प्रकल्पातून दररोज 50 मेगावॅट वीज मिळेल’ असं वाक्य पेपरात अधूनमधून छापून येतं. कधी त्याला ‘प्रतितास’सुद्धा चिकटवलेलं असतं. गावापर्यंतचं अंतर ताशी 60 किलोमीटर आहे असं कुणी म्हणालं तर आपण हसू, मेगावॅटला मात्र कुणी हसत नाही. ज्यूल हे ऊर्जेचं माप, आणि वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल; मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. वेळ त्यात आधीच आलेला आहे. बिलावरचं ‘युनिट’ ही निराळी चीज. एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट, म्हणजे 36 लाख ज्यूल.

शेतकऱ्याला हा हिशेब हॉर्सपॉवरमध्ये ठाऊक असतो. तीनची मोटर, पाचची, साडेसातची. मीटर नसलेल्या पंपांचं बिलही हॉर्सपॉवरवरच निघतं. जेम्स वॅटनं आपली वाफेची इंजिनं खपवायला हे माप ठरवलं: मिनिटाला 33,000 फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचलायचं काम म्हणजे एक फूट-पौंड). आपल्या मापात 745.7 वॅट. गंमत म्हणजे ‘वॅट’ हे एकक 1882 साली सुचवलं गेलं, जेम्स वॅट वारल्यावर साठेक वर्षांनी. युरोपातली हॉर्सपॉवर आणखी वेगळी: 75 किलो वजन सेकंदात एक मीटर उचलायचं, म्हणजे 735.5 वॅट. फरक दीड टक्क्याच्या आत, तो सोडून देऊ.

आता पाचच्या मोटरची नेमप्लेट बघा. तिच्यावर 3.7 किलोवॅट लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांना वाटतं मोटर तेवढी वीज खाते. तसं नाही. 3.7 ही शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यावर, मिळणारी शक्ती. तारेतून येणारी शक्ती काढायची तर थ्री फेजला व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर शक्ती देणारा हिस्सा), आणि त्याला तीनाच्या वर्गमुळानं गुणायचं. पूर्ण लोडवर 415 व्होल्ट, साडेसात अँपिअर आणि 0.85 पॉवर फॅक्टर धरला तर 1.732 × 415 × 7.5 × 0.85, सुमारे 4,580 वॅट. त्यातले 3,700 शाफ्टवर पोचले, म्हणजे कार्यक्षमता 81 टक्के. तासाला युनिटं पडणार साडेचारच्या वर.

शाफ्टच्या पुढे पंप आहे. त्याची कार्यक्षमता 60 टक्के धरू. पाण्याच्या वाट्याला 2,220 वॅट येतात. एक लिटर पाणी एक मीटर वर चढवायला 9.8 ज्यूल लागतात, 30 मीटर हेडला, म्हणजे तेवढ्या उंचीला, 294. भागाकार केला की सेकंदाला साडेसात लिटर, तासाला 27,000. तारेतून निघालेल्या शक्तीतली निम्मीसुद्धा पाण्यापर्यंत पोचली नाही, आणि पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही.

एक हॉर्सपॉवरच्या मोटरला फ्लायव्हील (जड चाक) लावून 10 केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपिअरचा) जनरेटर फिरवायचा आणि ‘फुकट वीज’ मिळवायची, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात ते याच गणितावर आपटतात. 10 केव्हीए ही त्या जनरेटरची कमाल मर्यादा. शाफ्टवर 746 वॅट दिले तर बाहेर सहा-साडेसहाशेच पडणार. फ्लायव्हील आधी भरलेली ऊर्जा परत देतं, नवी करत नाही. व्हिडिओत दिवा पेटतो तो खराच. त्याच्या मागची वायर कुठं जाते तेवढं शोधावं.

हाच पंप उलटा चालवला की कोयना होते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट, हॉर्सपॉवरमध्ये सव्वासव्वीस लाख. म्हणजे पाचच्या सव्वापाच लाख मोटरी. चौथ्या टप्प्यात पाणी 500 मीटरच्या आसपास खाली येतं. लिटरमागे 4,900 ज्यूल. त्या टप्प्याच्या 1,000 मेगावॅटसाठी टर्बाइनची घट धरून सेकंदाला सव्वादोन लाख लिटरच्या घरात पाणी लागतं.

मग कोयना वर्षभर 1,960 मेगावॅट का देत नाही? कारण पाणी मोजून आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) दिलेत. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर, तेव्हा एकूण 191 कोटी. 500 मीटर खाली येणाऱ्या प्रत्येक घनमीटरमागे 49 लाख ज्यूल, म्हणजे 1.36 युनिट. सगळे मिळून साधारण 260 कोटी युनिट. तेच पाणी तिसऱ्या टप्प्यात कोळकेवाडीहून आणखी शंभरेक मीटर उतरतं, त्याची भर पडते. तिचा बराच भाग टर्बाइनची घट खाऊन टाकते. 1,960 मेगावॅट वर्षाचे 8,760 तास चालवायचे तर 1,717 कोटी युनिट लागतील. पाणी पुरतं जेमतेम दोन महिन्यांना.

म्हणून हे पाणी मागणी चढते त्या सकाळ-संध्याकाळच्या तासांसाठी राखून वापरतात. कोळशाचं थंड पडलेलं संयंत्र पूर्ण भाराला यायला कित्येक तास घेतं. पाण्याची टर्बाइन काही मिनिटांत येते.