विष्णुक्रांता आणि ‘ब्लू डेझ’: देठ बघा, रंग नको
गणपती जवळ आले की पुण्यात निळ्या फुलांच्या भरगच्च कुंड्या ‘विष्णुक्रांता’ म्हणून खपतात. एकवीस पत्रींतली एक पत्री घरचीच होईल, म्हणून माणसे त्या हौसेने नेतात. ते झाड बहुतेक वेळा ‘ब्लू डेझ’ असते. मूळचे ब्राझीलचे, शास्त्रीय नाव एव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस. आपली विष्णुक्रांता म्हणजे एव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. वेताळ टेकडीसारख्या मुरमाड, उघड्या जागी गवताच्या बुडाशी ती पसरते. प्रजाती (जीनस) एक, जाती (स्पीशीज) दोन. ‘हीच सुधारित, मोठ्या फुलांची’ असे सांगतात ते साफ चूक आहे. कितीही खत घाला, एकीची दुसरी होत नाही.

रंगावर गेलात की फसलात. दोन्ही निळ्या, दोन्ही लवदार, दोन्हींची फुले सकाळी उमलून दुपारनंतर मिटतात. फोटोत तर आकारही कळत नाही, म्हणून फुलाचा देठ बघायचा. विष्णुक्रांतेत पानाच्या बगलेतून दोऱ्यासारखा बारीक देठ निघतो, बहुधा पानापेक्षा लांब, आणि त्याच्या टोकाला एखाददुसरेच फूल असते. त्यामुळे फुले फांदीभर सुटी सुटी, पानांपासून दूर दिसतात. ब्लू डेझमध्ये हा लांब देठ नसतो. फुले शेंड्याकडच्या पानांत दाटीने बसलेली असतात. दुपारी फुले मिटल्यावरही ही खूण चालते, कारण कळ्या आणि सुकलेली बोंडे त्याच जागी असतात. मापाने खात्री करायची तर विष्णुक्रांतेचे फूल जेमतेम 5 ते 8 मिलिमीटर, ब्लू डेझचे साधारण 2 सेंटिमीटर.

विष्णुक्रांता आणि गोकर्ण या दोघांनाही काहीजण शंखपुष्पी म्हणतात, पण तो गोंधळ त्यामानाने किरकोळ. आयुर्वेदात शंखपुष्पी म्हणून सहसा वापरतात ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस या वेगळ्या प्रजातीतली, तिची फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी. गोकर्ण तर शेंगवर्गातला वेल. तो ओळखायला काही सांगायची गरज नाही.

लागवडीत मात्र दोघींचे मार्ग पार वेगळे. ब्लू डेझ फाटे लावून करावी. फुले नसलेल्या शेंड्याचा 8 ते 10 सेंटिमीटरचा फाटा घ्या, खालची निम्मी पाने काढा आणि ओलसर वाळू-कोकोपिटात (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सावलीत ठेवा. मुळे धरली की 8 इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू. किमान सहा तास ऊन हवे. सावलीत नुसती पाने वाढतात. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी नको. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ही झाडे मधूनच काळी पडून बसतात. दाट, लवदार पानांत पाणी अडते, हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. मेअखेर एक तृतीयांश छाटून, पावसाची थेट झड लागणार नाही पण ऊन मिळेल अशा कठड्यावर कुंडी ठेवा.

विष्णुक्रांता टेकडीवरून उपटून आणू नका. तिचे बारीक फांद्यांचे झाड जमिनीतल्या चिवट मुळावर टिकते. ते मूळ तुटले की कुंडीत आणलेले झाड सुकते आणि टेकडीवरचेही जाते. बी हाच तिचा मार्ग. पावसाळा सरल्यावर तपकिरी, कोरडी झालेली चार-सहा बोंडे घ्या, बाकीची तिथेच राहू द्या. बियांचे कवच कठीण असते. पेरण्याआधी त्या बारीक सँडपेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात ठेवा, मग मृगाच्या पावसाबरोबर थेट कायमच्या कुंडीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. रोपे हलवणे तिला मानवत नाही. मिश्रणात निम्मा चाळलेला मुरूम, उरलेली साधी माती आणि मूठभर पालापाचोळ्याचे खत, एवढेच. नर्सरीचे तयार ‘पॉटिंग मिक्स’ इथे नकोच. ते ओल धरून ठेवते, आधी पाला माजतो आणि मग बूड सडते. शेणखत, युरिया काहीही नको.

पत्रीसाठी शेंड्याकडची बोटभर फांदी कात्रीने कापली तर झाड पुन्हा फुटते. ब्लू डेझ मात्र पत्रीत घालू नका, आणि शंखपुष्पी समजून तिचा काढा तर मुळीच नको. शोभेच्या झाडांवर कीटकनाशके मारलेली असू शकतात.