लाइट गेली, मग मेल कुठे थांबली?

जूनच्या पहिल्याच जोराच्या पावसात आमच्या वाड्यावर माडाची झावळ तारेवर पडली. रात्री साडेनऊला गेलेली लाइट आली पहाटे दोनला. फोंड्याच्या घरात, जिन्याखालच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आमच्या घरची मेल आणि चवथीच्या माटोळ्यांचे (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीचे) दहा-बारा वर्षांचे फोटो सांभाळत बसलेला असतो. तोही तेवढा वेळ गपगार. यूपीएसची बॅटरी गेल्याच वर्षी बसली होती आणि माझा आळस अजून उठलेला नव्हता. सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, काल रात्री दहाला मी तुला मेल केली. तुझा सर्व्हर बंद होता ना? मग बुडाली की ती!"

बुडाली नव्हती. पहाटे पावणेतीनला येऊन पडली होती. आणि साडेनऊच्या ठोक्याला आलेली दुसरी एक मेल तर चक्क दोनदा आली होती. या दोन्हींचं कारण एकच आहे आणि मला ते फार आवडतं.

मेल पाठवायची म्हणजे भाच्याच्या बाजूचा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला, विचारतो, "या डोमेनचं टपाल कोण घेतं?" उत्तरात आमच्या मशीनचं नाव मिळतं; या नोंदीला एमएक्स म्हणतात. त्यावरून पत्ता काढून तो आमच्या पंचवीस नंबरच्या पोर्टावर, म्हणजे टपालाच्या दारावर, येतो आणि दोन सर्व्हरांचं बोलणं सुरू होतं. या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्यांत भर पडली, पण गाभा तोच आहे. आलेला आपलं नाव सांगतो. आमचा म्हणतो २५०, म्हणजे ठीक. तो सांगतो, पत्र अमक्याकडून आहे. २५०. तमक्यासाठी आहे. २५०, तसं कुणी घरात नसेल तर ५५०, म्हणजे परत फिरा. मग तो म्हणतो 'डेटा'. आमचा म्हणतो ३५४: सांगा, आणि संपलं की एका ओळीवर नुसतं टिंब द्या. पत्रातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल, तर पाठवणारा तिच्यापुढे आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. इतकी साधी युक्ती, आणि ती आजही चालते.

(इथे 'अमक्याकडून' म्हणताना पुरावा कुणी मागत नाही, हे लक्षात आलं असेल. बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलींचं मूळ हेच. पाठवणारा खरा का ते तपासणारी एसपीएफ, डीकेआयएम ही कुलपं त्या दाराला पुढे बसवली.)

टिंब आलं की क्षणभर शांतता, आणि मग शेवटचा २५०. सगळी गंमत या शेवटच्या २५० मध्ये आहे. त्याचा अर्थ, 'हे पत्र आता माझ्या अंगावर.' तो ऐकू येईपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत टाकायची नाही आणि तो उच्चारल्यावर घेणाऱ्याने हात झटकायचे नाहीत. म्हणून आमच्या मशीनवरचा पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्राम, पत्र आधी डिस्कवर लिहून घेतो, 'नीट उतरलं का?' असं ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो आणि मगच २५० म्हणतो. नुसतं रॅममध्ये ठेवून 'हो' म्हटलं असतं, तर झावळ पडताक्षणी पत्र गेलंच असतं. पुढे पत्रपेटीत टाकतानाही तीच काळजी. पत्र आधी 'टेम्प' फोल्डरात पूर्ण लिहायचं, मग तिथून 'न्यू'मध्ये सरकवायचं. एकाच डिस्कवरचं हे सरकवणं म्हणजे फक्त नाव बदलणं असतं. ते एक तर होतं, नाही तर होत नाही, त्यामुळे पेटीत अर्धं पत्र कधी सापडत नाही. मेलडिर नावाची ही रचना डॅन बर्नस्टाइन यांची.

भाच्याच्या वेळी पलीकडच्या सर्व्हरला दारात कुणी भेटलंच नाही. अशा वेळी पत्र त्याच्याच रांगेत थांबतं. पोस्टफिक्ससारखा सर्व्हर आधी पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत वाढवत जास्तीत जास्त ४,००० सेकंदांनी, म्हणजे साधारण ६७ मिनिटांनी, पुन्हा येतो. असं पाच दिवस चालतं. पाच दिवसांच्या गणपतीएवढी मुदत! त्यानंतरच पत्र परत पाठवणाऱ्याकडे जातं.

एवढ्या कामाला मशीन कसलंही चालतं. चार जीबी रॅमचं जुनं धूड, त्यावर डेबियन लिनक्स, मेल घ्यायला पोस्टफिक्स, पेटीतली वाचायला डव्हकॉट, घरात फायली वाटून घ्यायला सांबा. पण साठ वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास ठेवला, तर महिन्याला ४३ युनिटं होतात. पंधरा वॉटचा जुना लॅपटॉप अकरा युनिटांत भागवतो आणि बॅटरी धड असेल तर त्याचा यूपीएस पोटातच. माझं हे शहाणपण उशिराचं. फोटोंची दुसरी प्रत मात्र बाहेरच्या डिस्कवर हवीच. एका डब्यात दोन डिस्क लावून बॅकअप होत नाही.

मध्यंतरी मशीन दोन-दोन दिवसांनी आपोआप बंद पडायचं. शेजारच्या काकींनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायला सांगितलं. उघडून पाहिलं तर पंख्यात बोटभर धूळ आणि रॅमच्या पट्टीवर आपल्याकडच्या दमट हवेचा गंज. ब्रश फिरवला, पट्टी खोडरबरने घासली, थांबलं. मिरच्या आमटीत गेल्या.

'घरचा सर्व्हर म्हणजे तुमचं सगळं फक्त तुमच्याकडे' ही जाहिरातही त्याच मिरच्यांच्या जातीची. समोरच्याची प्रत त्याच्या कंपनीकडे पडलेली असतेच. शिवाय बऱ्याच घरगुती कनेक्शनांवर बाहेर जाणारा पंचवीस नंबरचा पोर्ट बंद असतो, कुठे कुठे तर स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताही नसतो. मला तो जास्तीचे पैसे भरून घ्यावा लागला. आणि मोठे मेलवाले घरगुती पत्त्यांकडे संशयानेच बघतात, त्यामुळे माझी जाणारी मेल मी एका पैसे घेणाऱ्या रिले सेवेमार्फत पाठवतो. येणारी तेवढी थेट घरी.

राहिली ती दोनदा आलेली मेल. तिचं टिंब आलं, पत्र डिस्कवर उतरलं आणि आमचा सर्व्हर २५० म्हणणार तेवढ्यात लाइट गेली. पलीकडच्याला उत्तर ऐकूच आलं नाही. त्याच्या लेखी पत्र पोचलंच नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे त्याने रात्री पुन्हा पाठवलं. इकडे पहिली प्रत रांगेत शाबूत होती, मशीन उठताच तीही पेटीत गेली. बिनधास्त २५० म्हणून पत्र हरवण्यापेक्षा दोन प्रती पाठवलेल्या बऱ्या, असं या नियमांचं धोरण. मेल थोरल्या बहिणीची होती: "येताना दोन किलो सोलं आण." बायकोने दोन्ही वाचल्या आणि चार किलो बांधून ठेवली.