आंतरराष्ट्रीय मालवाहतूक आणि ट्रकचालकाची कायदेशीर जबाबदारी

एका देशातून दुसऱ्या देशाकडे रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या संदर्भात वाहन चालवणाऱ्या व्यक्तीवर वाहतूक, सीमाशुल्क, कर आणि करारविषयक कायद्यांनी जी कर्तव्ये टाकलेली आहेत, त्यांचा ‘ट्रकचालकाची कायदेशीर जबाबदारी’ या संज्ञेत समावेश होतो. भारतात या जबाबदारीचे मूळ सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 2(31) मध्ये सापडते. ‘प्रभारी व्यक्ती’ म्हणजे जहाजावर कप्तान, विमानात मुख्य वैमानिक, आगगाडीवर गार्ड आणि इतर वाहनांच्या बाबतीत चालक अथवा वाहनाचा ताबा असणारी अन्य व्यक्ती, अशी ती व्याख्या आहे. तासगावची द्राक्षे घेऊन सीमेकडे निघालेला एमएच-10 पासिंगच्या ट्रकचा चालक त्यामुळे कायद्याच्या नजरेत कप्तानाच्या पंगतीत बसतो. पगाराच्या बाबतीत ही पंगत अर्थातच मोडते.

सांगली-साताऱ्यातून होणाऱ्या या वाहतुकीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात चालकाचा प्रवास राष्ट्रीय महामार्ग 48 वरून, खंबाटकी घाट उतरून न्हावा शेवा बंदराच्या फाटकापाशी संपतो आणि माल मात्र पुढे समुद्रमार्गे रॉटरडॅमसारख्या बंदरात जातो. येथे चालकाची खरी जोखीम सीलमध्ये असते. पॅकहाउसच्या आवारात शीतकंटेनरचे दार बंद होऊन त्याला बोल्टचे सील ठोकले जाते, तेव्हा सीलवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक चालकाने अंक-अंक वाचून स्वतः ताडून पाहणे आवश्यक असते, कारण एका अंकाची तफावत निघाली तरी बंदरावर गाडी बाजूला काढली जाते आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. निर्यातीची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात, त्यामुळे ढाब्यावर थांबताना जनसेट (कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर) बंद ठेवणे ही नुसती हयगय राहत नाही, नुकसानभरपाईच्या दाव्याचे कारण ठरते.

दुसऱ्या प्रकारात ट्रक थेट भूसीमेपर्यंत जातो. बांगलादेशाकडे जाणारी द्राक्षे सुमारे दोन हजार किलोमीटर कापून पश्चिम बंगालमधील पेट्रापोलला पोहोचतात. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यात 15 जून 2015 रोजी थिंफू येथे एकमेकांची वाहने सीमेपार जाऊ देणारा मोटार वाहन करार झाला. परंतु भूतानने त्याला संमती दिली नाही आणि भारतीय ट्रक आजही पलीकडच्या बेनापोलच्या आवारात माल उतरवून रिकामा परततो. वाहन सीमाशुल्क स्थानकातून बाहेर काढण्यापूर्वी निर्यात अहवाल देणे (सीमाशुल्क अधिनियमाचे कलम 41) आणि अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय न निघणे (कलम 42) ही प्रभारी व्यक्तीची कर्तव्ये आहेत. उलट दिशेने माल आणल्यास वाहन पोहोचल्यापासून बारा तासांत आयात अहवाल द्यावा लागतो. व्यवहारात ही कागदपत्रे सीमाशुल्क दलाल तयार करतात, पण ‘मला ठाऊक नव्हते’ हे चालकाचे उत्तर तेवढ्याने पुरेसे ठरत नाही. नेपाळकडे जाणाऱ्या गाड्यांना तेथील भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयाचा परवाना घ्यावा लागतो.

सीमेआधीचे कागदही चालकाच्याच हाती असतात. 50,000 रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल (मालासोबतचा इलेक्ट्रॉनिक वाहतूक दाखला) लागते आणि साधारण मालासाठी त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. ताज्या द्राक्षांवर वस्तू व सेवा कर नसल्याने त्यांना ते लागत नाही, त्याच बागेतल्या बेदाण्याला मात्र लागते. हा फरक गाडी भरतानाच माहीत असलेला बरा. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या ट्रकमध्ये घेतला, तर नवा वाहन क्रमांक ई-वे बिलात नोंदवून घ्यावा लागतो. जादा वजनासाठी मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्यावरही बसू शकतो, म्हणून काट्याची पावती मालकाकडे न ठेवता केबिनमध्ये ठेवणे शहाणपणाचे.

अपघातात कोणी जखमी झाल्यास जमाव प्रक्षुब्ध असल्याचा किंवा परिस्थिती हाताबाहेरची असल्याचा अपवाद वगळता जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 ने बंधनकारक आहे. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध जानेवारी 2024 मध्ये चालकांनी देशभर काम बंद ठेवले होते. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून.

सीमेपलीकडे चाके ज्या देशात फिरतात त्या देशाचा कायदा लागू होतो. सांगलीची द्राक्षे रॉटरडॅमहून जर्मनीकडे नेणारा युरोपीय चालक 1956 च्या जिनिव्हा येथील सीएमआर (रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या) कराराखाली काम करतो. माल भरताना दिसलेला दोष त्याने वाहतूकपत्रावर शेरा मारून नोंदवला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत माल सुस्थितीत मिळाला असे धरले जाते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्याला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि गाडीतले टॅकोग्राफ हे यंत्र ती मिनिटे नोंदवते. भारतातही 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा ठरवला होता, पण ते तास मोजणारे यंत्र कराड किंवा मिरजेच्या ट्रकमध्ये सहसा नसते.

मालकाच्या दृष्टीने सर्वांत कठोर तरतूद सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 115(2) ची आहे. तस्करीत वापरलेला ट्रक जप्त होऊ शकतो, आणि तो वाचवायचा तर मालकाला स्वतःचेच नव्हे, आपल्या प्रतिनिधीचे आणि चालकाचेही अज्ञान सिद्ध करावे लागते. चालकाने वाटेत कोणाचे तरी निनावी पुडके जाणूनबुजून सीटखाली ठेवून घेतले असेल, तर ट्रक कर्जावर घेतलेला आहे आणि मालक साताऱ्यात घरी झोपलेला होता, या बचावाला फारसा अर्थ उरत नाही.