अठ्ठावीस दिवसांचा महिना

आईच्या बटणाच्या फोनला रिचार्ज मारायला गेलो की दुकानदार आधी विचारायचा, "दीड जीबीचा मारू की दोनचा?" त्या फोनवर नेट चालतच नाही. आईला मावशीशी बोलायचं असतं आणि बँकेचा ओटीपी यायला हवा असतो, बस्स. तरी कित्येक वर्षं तिच्या नावावर रोज दीड जीबी यायचं आणि रात्री बाराला वाया जायचं. प्रीपेडच्या धंद्यात आधी मिनिटं विकली जात होती, आता दिवस विकले जातात. आईचं दीड जीबी त्या बदलात अडकलेलं होतं.

३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइल लावला, देशातला पहिला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. काही वर्षांत प्रीपेड आलं: नाण्याने खरवडायचं कार्ड, मग तो लांबलचक आकडा दाबायचा आणि एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मुदत तेव्हाही असायची, पण घेणारा बघायचा ते किती मिनिटं मिळतात एवढंच. त्यात सर्कलची, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या हद्दींची भानगड. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र वेगळं, आणि गोवा महाराष्ट्रात. म्हणजे कोल्हापूरच्या सिमला पणजी घरची आणि दादर परकं.

खरी उलथापालथ झाली १ मे २००३ला. येणारे कॉल फुकट झाले आणि सगळा भार फोन लावणाऱ्यावर गेला. मिस्ड कॉल ही आपली राष्ट्रीय सांकेतिक भाषा तिथून जोरात सुरू झाली. एक रिंग वाजली की पोचलो, दोन वाजल्या की खाली ये. पण पडद्यामागे आणखी एक गोष्ट ठरली होती. कॉल ज्या कंपनीच्या ग्राहकाला लागायचा, तिला फोन लावणाऱ्याची कंपनी मिनिटामागे ठरावीक पैसे द्यायची. म्हणजे तुम्ही वर्षभर एक रुपया न भरता नुसते फोन उचलत राहिलात, तरी तुमच्या कंपनीला थोडंफार सुटत होतं.

२००५च्या अखेरीस 'लाइफटाइम' प्लॅन आले ते याच हिशेबाच्या जोरावर. ९९९ रुपये एकदा भरा आणि आयुष्यभर इनकमिंग. आयुष्य कोणाचं, हे मात्र बारीक अक्षरात होतं: कंपनीच्या परवान्याचं. आमच्या चाळीत तरी कोणी ते वाचलं नव्हतं.

पुढची काही वर्षं ग्राहकाची चंगळ होती. २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला १ पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांनाही मागोमाग यावं लागलं. जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. दोन सिमचे फोन स्वस्त झाले. एक सिम बोलायला, दुसरं नुसतं इनकमिंगला पडून.

याच सुमारास ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, रिचार्ज व्हाउचरांचे रंग ठरवले: प्लॅनला लाल पट्टी, टॉपअपला हिरवी, खास दराच्या व्हाउचरला पिवळी. शिवाय टॉपअपवर कंपनीने कापायच्या शुल्काला मर्यादा घातली, ३ रुपये किंवा किमतीच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल ते. १० रुपये मारल्यावर ७ रुपये ४७ पैसे येतात, आणि या अडीच रुपयांवरून दुकानात अजूनही वाद होतो, त्याचा हिशेब इथे आहे. १८ टक्के जीएसटी आतून काढला की ८.४७ उरतात, त्यातून एक रुपया शुल्क गेला की ७.४७. दुकानदार बिचारा मधल्यामध्ये बोलणी खातो. 'रोज १०० एसएमएस' हाही त्याच काळातला आकडा. जाहिरातबाजी रोखायला ट्रायने दिवसाला शंभरनंतरचा प्रत्येक एसएमएस किमान ५० पैशांना केला होता. ते बंधन २०२०मध्ये उठलं, पण आकडा प्लॅनला चिकटून राहिला.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि मिनिट या मालाची किंमत शून्यावर गेली. बोलणं फुकट झाल्यावर विकायचं काय? डेटा, तोही रोजच्या रतिबासारखा मापून. दुसरीकडे, कॉल घेणाऱ्या कंपनीला मिळणारे पैसे ऑक्टोबर २०१७मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ वर आले आणि २०२१च्या सुरुवातीला पार बंद झाले. पडून असलेलं दुसरं सिम आता कंपनीला निव्वळ ओझं होतं. म्हणून २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला, २८ दिवसांचा. तो मारला नाही तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. लाइफटाइम तिथे संपलं. माणसं नंबर सोडूनही देऊ शकत नव्हती, कारण तोवर बँक, गॅस, आधार सगळं त्याच नंबराला बांधलेलं होतं.

आता हे २८ दिवस. चार आठवडे, म्हणून दिसायला महिना, पण वर्षात तेरा रिचार्ज. तक्रारी वाढल्यावर ट्रायने जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. प्लॅन निघाले. माझ्या दुकानदाराने ते आपणहून कधी सांगितले नाहीत, विचारल्यावर "आहे ना" म्हणाला.

डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं व्हाउचर सक्तीचं केलं आणि खास व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली. महिन्याभरात दर आले. मी कागद घेऊन बसलो. जिओचा मोठा प्लॅन १,७४८ रुपयांना, एअरटेलचा १,८४९ला. पहिला शंभर रुपयांनी स्वस्त दिसतो, पण त्याची मुदत ३३६ दिवस, म्हणजे बारा वेळा अठ्ठावीस. दुसऱ्याची पुरती ३६५. भागाकार केला तर पहिला दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतो आणि दुसरा ५ रुपये ७ पैसे. अठ्ठावीसने इथेही पाठ सोडली नव्हती.

आईला वर्षाचा मारून दिला. तिने विचारलं, "यात काय काय आहे?" म्हटलं, हवं तेवढं बोल, आणि वर ३,६०० एसएमएस आहेत. तिने आजवर एकही पाठवलेला नाही. "मग ते मावशीच्या फोनात टाकता येतील का?" म्हणाली.