मोरीतली गुडगुड कुठून येते?

बेसिनमधले पाणी उतरता उतरता गुडगुडू लागले, की मोरी तुंबली असे समजून अनेक जण लगेच साफ करण्याची पावडर ओततात. ही घाई करू नये. तो आवाज पाण्यातून वाट काढणाऱ्या हवेचा असतो, आणि हवेला ही आडवाट का धरावी लागली हे कळल्याशिवाय उपाय नेमका लागू पडत नाही.

बेसिनखालच्या नळीला दिलेल्या बाकाला ट्रॅप म्हणतात. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाचे जे पेटंट घेतले, त्यात एस आकाराचा असाच बाक होता. या बाकात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी कायम साचून राहते आणि गटारातले हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू घरात येऊ देत नाही. मात्र ही राखण नाजूक आहे. पलीकडच्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम दोनशेव्या हिश्शाने कमी झाला, तरी खोलीतली हवा ते पाणी रेटून बुडबुड्यांनी पलीकडे घुसते. उभ्या नळीतून मोठा लोंढा खाली जाताना दाब असाच घटतो. ती तूट बाहेरच्या हवेने भरून निघावी म्हणून नळीचे वरचे टोक छतावर उघडे ठेवलेले असते; त्या व्हेंट पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा किंवा घरटे अडकले, की हवा ट्रॅपमधून खेचली जाते.

म्हणून आधी कान आणि डोळे वापरावेत. ज्या बेसिनमध्ये पाणी सोडले तेच गुडगुडत असेल आणि निचराही मंद असेल, तर केस, साबणाचा मळ किंवा चरबी बहुधा ट्रॅपमध्ये वा त्याच्या जवळच अडकलेली असते. खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा, किंवा बेसिनच्या कडेचे ओव्हरफ्लोचे भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करून प्लंजर (दांड्याला लावलेली रबरी वाटी) मारावा. भोक उघडे राहिले तर सगळा जोर तिथूनच निघून जातो. साफ करण्याच्या पावडरीतला कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच तापतो आणि पुढे ट्रॅप उघडणाऱ्याच्या अंगावर उडू शकतो, त्यामुळे मला तो पहिला उपाय म्हणून मुळीच पसंत नाही.

पाणी एकीकडे सोडले आणि आवाज दुसरीकडून आला, तर दोष सामाईक नळीत असतो. अशा वेळी कमोडमधल्या पाण्याकडे पाहावे. ते खाली ओढले जात असेल तर व्हेंटचा संशय घ्यावा. बुडबुडे वर उसळत असतील तर पुढे मुख्य नळी तुंबत आली आहे.

गरम पाणी सोडल्यावर येणारी टकटक वेगळी. तीन मीटरची पीव्हीसी नळी ४० अंशांनी तापली, की सुमारे सात मिलिमीटर लांबते आणि घट्ट क्लिपांना घासत सरकते. क्लिपा किंचित सैल केल्या की आवाज थांबतो.

व्हेंट छतापर्यंत नेणे शक्य नसेल, तर नियमांत बसत असल्यास हवा फक्त आत घेणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. दाब घटला की तो उघडतो आणि एरवी बंद राहतो. म्हणूनच बुडबुडे वर येत असतील तिथे त्याचा उपयोग होत नाही, मुख्य नळीच साफ करून घ्यावी लागते.