राजवाड्यातली प्रेमकथा : पार्श्वभूमी

थेऊरला चिंतामणीचं दर्शन झालं की बहुतेक लोक प्रसाद घेऊन गाडीकडे वळतात. थोडेच जण नदीकडे जातात. तिथं मुळा-मुठेच्या काठी थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाईंचं सतीस्मारक आहे. मी गेलो होतो तेव्हा एक आजी नातीला सांगत होत्या, "इथंच गं. माधवराव गेले आणि रमाही गेली." बोलण्यात पेशवेपद नव्हतं, सन नव्हता, चुलत घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसा सूर होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या नवराबायकोला असं एकेरीत, मायेनं हाक मारण्याचा हक्क मराठी वाचकाला कादंबरीनं दिला. तो कसा मिळाला आणि त्यावरून अजून भांडणं का होतात, ते पाहण्यासारखं आहे.

'कादंबरी' हे नाव आपण बाणभट्टाच्या नायिकेवरून घेतलं. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. मराठीनं आणि कन्नडनं मात्र एका गंधर्वकन्येचं नाव साऱ्या साहित्यप्रकाराला लावलं. बाणाच्या त्या कथेत राजपुत्र आहे, विरह आहे, पुनर्जन्म आहे आणि गोष्ट सांगायला चक्क बोलका पोपट आहे. हे नाव रुळायलाही वेळ लागला. १८७२ साली या प्रकारावर जो निबंध निघाला त्याच्या शीर्षकात 'नावल' असाच शब्द आहे.

खरा गुंता 'रोमान्स' या शब्दाचा आहे. इंग्रजीत त्या एका शब्दात दोन गोष्टी नांदतात : जादू-संकटं-साहस यांनी भरलेली लांबलचक कथा, आणि प्रेमकथा. मराठीत आल्यावर त्याच्या दोन वाटण्या झाल्या. पहिल्या अर्थाला 'अद्भुतरम्य' म्हटलं गेलं, दुसऱ्याला 'प्रणय'. वाचनालयाच्या कपाटांवरही 'ऐतिहासिक', 'अद्भुतरम्य', 'सामाजिक' अशाच चिठ्ठ्या असत. प्रणयाचं वेगळं कपाट मी कुठल्याच जुन्या वाचनालयात पाहिलं नाही. तो इतर तिन्ही कपाटांत पांगलेला होता, आणि 'ऐतिहासिक'मध्ये सगळ्यांत जास्त होता. 'ऐतिहासिक प्रेमकथा आवडते' असं आज कुणी म्हटलं की दुसरा लगेच 'म्हणजे इतिहास की प्रेम?' असं विचारतो. त्या प्रश्नाचं मूळ या वाटणीत आहे.

वाटणी झाली तरी दोघांचा संसार एकत्रच राहिला, आणि त्याचं कारण सामाजिक होतं. १८६८ साली निघालेल्या 'मंजुघोषा'च्या लेखकानं प्रस्तावनेत आपली अडचण उघड सांगितली आहे. आपल्या लोकांतल्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतरही कारणांनी हिंदू माणसाच्या आयुष्यात मनोरंजक असे गुणही सापडत नाहीत आणि दुर्गुणही, मग कादंबरीत घालायचं काय, असा त्याचा रोख आहे. मराठी कादंबरीच्या इतिहासात याच्याइतकं प्रामाणिक विधान दुसरं नसेल. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागून जायचं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा वय दहावरून बारावर नेण्यावरून केवढा गदारोळ उठला, हे सर्वांना माहीत आहे. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं चौदा व्हायला १९२९ साल उजाडलं. ओळख, पसंती, हुरहुर, होकार हा जो मधला काळ प्रेमकथेला लागतो, तो पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण किंवा मराठा घरात अस्तित्वातच नव्हता. लेखकानं तो आणायचा कुठून? स्वयंवरातून, अरण्यातून, परक्या राज्याच्या किल्ल्यातून. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी त्याच दशकात मराठीत आल्या होत्या, त्यांनी वाट रुंद करून दिली. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' आणि शिवकाळात घडणारी 'मोचनगड' (१८७१) या तिन्ही कादंबऱ्यांना मनाजोगतं प्रेम दाखवायला घराबाहेरचा मुलूख लागला.

पुढचा टप्पा आपण सगळे शिकलो आहोत, म्हणून थोडक्यात. टिपू सुलतानावरच्या एका इंग्रजी कादंबरीच्या आधारानं १८९० साली 'म्हैसूरचा वाघ' आली. १८९५ पासून 'करमणूक' साप्ताहिकात शिवकाळावरची 'उषःकाल' क्रमशः येऊ लागली. रायगडावरच्या शिवस्मारकाची चळवळही तेव्हाचीच. इथून राजवाड्याचा अर्थ बदलला. आधी तो प्रेमासाठी लागणारी जागा होता. आता तो गमावलेल्या राज्याची खूण झाला. ब्रिटिश सरकारनं १९१० मध्ये एका पौराणिक नाटकावर बंदी घातली, कारण प्रेक्षक त्यातल्या कीचकाच्या जागी गव्हर्नर जनरलला पाहत होते. जुनी कथा म्हणजे आजचं राजकारण, हे सरकारनं ओळखलं होतं आणि वाचकांनीही. अशा वातावरणात नायक-नायिकेच्या भेटीगाठी दुय्यम पात्रांकडे ढकलल्या गेल्या. मुख्य राजा प्रेम करताना दिसेनासा झाला. तो घोड्यावर, सदरेवर नाहीतर देवळात दिसू लागला.

म्हणूनच माधवराव-रमाबाईंवरच्या, १९६२ सालच्या 'स्वामी' या रणजित देसाईंच्या कादंबरीतला एक निर्णय मला फार मोठा वाटतो.

थोरल्या माधवरावांविषयी कागद काही कमी नाहीत. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापून झाले होते, त्याआधी १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे खंड येत होते. पानिपताच्या पराभवानंतर १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी हाती आलेला कारभार, १७६३ ची राक्षसभुवनची लढाई, हैदरावरच्या स्वाऱ्या, काका रघुनाथरावांशी झगडा, १७६८ मध्ये धोडपला त्यांना पकडून शनिवारवाड्यात ठेवणं, क्षयाचं दुखणं आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला अखेर : हे सगळं कागदावर आहे. रमाबाईंच्या वाट्याला त्या ढिगात अगदी थोड्या ओळी आल्या. मूलबाळ नव्हतं, त्या सती गेल्या, एवढं ठळक. दोघं एकमेकांशी काय बोलत, हे लिहून ठेवायला चिटणीस नव्हता.

कादंबरीकारानं नेमकी ती रिकामी जागा धरली आणि तिथं पुस्तकाचं काळीज ठेवलं. राज्यकारभाराचा शीण, घरातला काका, वाढता खोकला आणि या सगळ्याच्या आत दोन तरुण माणसांचा संसार. अडतीस साली किंवा अठ्ठेचाळीस साली असं पुस्तक एवढं वाचलं गेलं असतं असं मला वाटत नाही. साठच्या दशकात पगारदार नवरा आणि शिकलेली बायको दोन खोल्यांत नव्यानं जोडपं म्हणून राहायला लागली होती. सासू-दीर-जावा यांच्यातून एकमेकांसाठी वेळ काढणं ही त्यांची रोजची लढाई होती, आणि नेमकी तीच लढाई शनिवारवाड्यात चालू असलेली त्यांना दिसली. शीर्षकाची निवडही पाहण्यासारखी आहे. 'स्वामी' म्हणजे धनी, राज्याचाही आणि बाईचाही. जुन्या घरांत नवऱ्याला 'स्वारी' म्हणत. "स्वारी आली का?" या प्रश्नातली स्वारी कचेरीतून येणारी असो की कर्नाटकातून, शब्द एकच.

यावर दोन बाजूंनी आक्षेप आले. इतिहासाच्या बाजूनं म्हटलं गेलं की कागद नाही तिथं संवाद रचले, आणि वाचक ते संवादच इतिहास म्हणून सांगू लागले. हे खरं आहे, थेऊरच्या आजी त्याचा पुरावा आहेत. पण हा दोष फक्त कादंबरीवर टाकणं मला पटत नाही. माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांच्या खुनाच्या वेळी (३० ऑगस्ट १७७३) हुकुमातल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं ही गोष्ट कादंबऱ्या येण्याच्या किती आधीपासून लोक सांगत आले आहेत. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी ते अक्षर बदललं की नाही यावर अजून एकमत नाही, तरी 'ध चा मा' हा वाक्प्रचार आपण दिवसातून दोनदा वापरतो. म्हणजे कागद नसताना संवाद रचण्याची सवय समाजाचीच होती. त्या सवयीनं एका बाईला खलनायिका केलं, कादंबरीनं दुसरीला प्रेयसी केलं. यातलं दुसरं काम जास्त माणुसकीचं आहे असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप उशिरा आला आणि तो मला जास्त टोचतो. कथेचा शेवट सहगमनात आहे. इतिहासात तसंच घडलं, त्यामुळे लेखकाला तो टाळता येत नव्हता. पण प्रेमकथेचा कळस म्हणून चिता आली की वाचक रडतो, आणि रडता रडता त्या चितेला प्रेमाचा पुरावा मानतो. मीही शाळेत असताना तसाच रडलो होतो. १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली, हजारो लोक तिथं जमले, आणि त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाला मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. त्या वर्षानंतर ही शेवटची पानं कोरड्या डोळ्यांनी वाचावी लागतात. रमाबाईंना दुसरा रस्ता खरोखर खुला होता का, हा प्रश्न कादंबरीत विचारला जायला हवा होता असं मला आता वाटतं. साहित्य अकादमीचा १९६४ चा पुरस्कार, नंतरची दूरदर्शन मालिका यांनी पुस्तक घरोघरी गेलं. हा प्रश्न मात्र बराच काळ मागेच राहिला.

'स्वामी'नंतर दहा वर्षांनी, १९७२ मध्ये बाजीराव-मस्तानीवरची 'राऊ' ही कादंबरी आली आणि लग्नाबाहेरचं प्रेम पेशव्यांच्या वाड्यात शिरलं. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले, मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. थेऊरला जाणारे हजार असतील तर पाबळला जाणारे दहा. तिचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतावर लढून जखमांनी मेला, तरी आपल्या बोलण्यात मस्तानी 'त्या घरातली' होत नाही. कादंबरीनं तिला जेवढी जागा दिली तेवढी गावानं, घरानं दिली नाही.

या सगळ्यात हसू कुठं गेलं, असं विनोदी अद्भुतकथा आवडणाऱ्यांनी विचारावं. ते तमाशाच्या वगात गेलं, आणि तिथं मजेत राहिलं. वगातला राजा भोळा किंवा बावळट असतो, प्रधान लबाड, आणि कारभार कोतवाल-हवालदाराच्या हातात. 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगभूमीवर आलं, म्हणजे 'स्वामी' वाचून लोक डोळे पुसत होते त्याच दशकात. 'गाढवाचं लग्न'मध्ये शापानं गाढव झालेला गंधर्व आहे आणि तो सावळ्या कुंभाराच्या घरी राहून राजकन्येशी लग्न लावून द्या म्हणतो. बाणभट्टाच्या कथेतलं गंधर्वकुळ, शाप, राजघराणं सगळं इथं आहे, फक्त ते उकिरड्याच्या वासासकट आहे. कादंबरीच्या राजवाड्यात हे हसू शिरू शकलं नाही, कारण तिथल्या राजाला १८९५ पासून राष्ट्राचं ओझं वाहायचं होतं. मराठी कादंबरीचं यात नुकसान झालं असं मी मानतो. राजाला हसू शकणारा वाचक त्याच्यावर प्रेमही जास्त मोकळेपणानं करतो.

आताच्या वादांकडे पाहिलं की जुना धागा लगेच दिसतो. २०१५ मध्ये बाजीराव-मस्तानीवरच्या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना दाखवल्या, त्यावर मोठी हरकत आली. जानेवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या चित्रपटाची झलक आली, तीत राजे आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसत होते. हरकती आल्या, दिग्दर्शकानं ते दृश्य काढलं, आणि १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला. दोन्ही वेळी लोकांना सगळ्यांत जास्त खटकली ती घरातली आनंदाची घटका. राजानं मारलेले शत्रू किती मोजायचे यावर एवढं कुणी भांडत नाही. तो बायकोबरोबर हसला का, यावर सभा होतात. हरकत घेणाऱ्यांची भक्ती मी खोटी मानत नाही. राजे कसे वागत याविषयी त्यांच्या मनात एक चित्र आहे, आणि ते चित्रही शंभर-सव्वाशे वर्षांच्या कादंबऱ्या-नाटकांनीच काढलेलं आहे.

येसूबाईंची म्हणून जी मुद्रा सांगितली जाते तिच्यावर 'श्री सखी राज्ञी जयति' अशी अक्षरं आहेत. राज्याच्या शिक्क्यात, राणीच्या आधी, 'सखी'. रमाबाईंच्या बाबतीत जो कागद सापडला नाही, तो इथं मुद्रेच्या रूपानं समोर आहे. ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराज मारले गेले, त्याच वर्षी रायगड पडला, आणि येसूबाई लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. साताऱ्याला परत आल्या त्या १७१९ मध्ये. दोन घटकांच्या लेझमावर भांडून झालं असेल, तर त्या सखीच्या तीस वर्षांची कादंबरी मला वाचायची आहे, छावणीतल्या तंबूतली, आणि तिला मधूनमधून हसताही आलं पाहिजे.